तडा दिसण्याआधी

कॉलेजच्या लायब्ररीत जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या कपाटात नेविल शूट हे नाव हमखास सापडतं. ‘अ टाउन लाइक ॲलिस’ नाहीतर ‘ऑन द बीच’. पानं पिवळी पडलेली आणि मागे शेवटचा शिक्का कधीतरी आपल्या जन्माआधीचा. पण हा माणूस पेशानं लेखक नव्हता. दिवसभर तो विमानांची गणितं करायचा आणि कादंबऱ्या लिहायचा रात्री.

१९४८ मध्ये त्याची ‘नो हायवे’ ही कादंबरी आली. विषय वाचून कुणालाही वाटेल की यावर कादंबरी कशी काय होणार? विमानाच्या शेपटीतला धातू थकतो आणि एक दिवस काहीही सूचना न देता मोडतो, असं एका शास्त्रज्ञाला वाटत असतं. त्याच्यावर कुणाचाच विश्वास बसत नाही. बस्स, एवढीच गोष्ट. पुढे सहा वर्षांनी जगातलं पहिलं प्रवासी जेट विमान हवेत फुटलं आणि कारण निघालं धातूचा थकवा. तेव्हापासून शूटला द्रष्टा वगैरे म्हणायची पद्धत पडली.

त्याचं आयुष्य बघितलं तर यात भविष्यवाणी फारशी नव्हती असं लक्षात येतं. त्यानं एक अपघात अगदी जवळून पाहिला होता आणि त्यातला धडा तो विसरला नव्हता. तो धडा नुसता धातूबद्दल नव्हता. धोका दिसल्यावर थांबा म्हणणाऱ्या माणसाचं आपण काय करतो, याबद्दलचा होता.

शाळेऐवजी म्युझियम

पूर्ण नाव नेविल शूट नॉर्वे. जन्म १७ जानेवारी १८९९, लंडनजवळच्या ईलिंगमध्ये. वडील पोस्टखात्यात मोठे अधिकारी. मुलगा बोलताना खूप अडखळायचा. त्या काळात वर्गात अशा मुलाचं काय होत असेल ते सांगायला नको. एकदा त्यानं शाळेला सरळ दांडी मारायला सुरुवात केली. घरून निघायचं आणि साउथ केन्सिंग्टनच्या सायन्स म्युझियममध्ये जाऊन बसायचं. तिथे इंजिनांची आणि विमानांची मॉडेल्स होती. बटण दाबलं की काही हलायची. हा प्रकार उघडकीला यायला बरेच दिवस गेले. घरच्यांनी मग त्याची शाळा बदलली.

पुढे वडील आयर्लंडच्या टपालखात्याचे प्रमुख झाले आणि कुटुंब डब्लिनला गेलं. १९१६ च्या ईस्टरच्या उठावात बंडखोरांनी जी इमारत ताब्यात घेतली ती जनरल पोस्ट ऑफिसचीच होती, म्हणजे वडिलांचंच ऑफिस. सतरा वर्षांचा नेविल तेव्हा रस्त्यावर स्ट्रेचर उचलत जखमींना हलवत होता. त्याच्या आदल्याच वर्षी मोठा भाऊ फ्रेड पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी होऊन गेला होता.

नेविललाही हवाई दलात अधिकारी व्हायचं होतं. बोलण्यातल्या अडखळण्यानं तो रस्ता बंद केला. युद्धाचे शेवटचे महिने त्यानं साध्या शिपायाच्या वर्दीत काढले. नंतर ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात इंजिनीअरिंग. डिग्री मिळाली ती थर्ड क्लासमध्ये. प्लेसमेंटच्या चिंतेत असणाऱ्यांनी ही ओळ अधोरेखित करायला हरकत नाही. मात्र सुट्ट्यांमध्ये मुलं गावी जायची तेव्हा हा विमानांच्या कारखान्यात बिनपगारी काम करायचा. त्या ओळखीतूनच १९२३ मध्ये डी हॅविलंड कंपनीत नोकरी मिळाली. या कंपनीचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

जहाजाचं गणित

त्या काळात लांबच्या प्रवासाचं भविष्य विमानांचं नसून एअरशिपचं आहे असं अनेकांना वाटत होतं. एअरशिप म्हणजे हायड्रोजनच्या पिशव्यांवर तरंगणारं, आगबोटीएवढं अवाढव्य यान. ब्रिटिश सरकारनं अशी दोन जहाजं बांधायचं ठरवलं. आर-१०० खासगी कंपनीनं बांधायचं आणि आर-१०१ सरकारच्या स्वतःच्या कारखान्यानं, कार्डिंग्टनला. दोन्हींची जणू शर्यतच लागली.

शूट १९२४ मध्ये व्हिकर्स कंपनीत आला, आर-१०० च्या बाजूला. मुख्य डिझायनर होता बार्न्स वॉलिस. शूटचं पद होतं चीफ कॅल्क्युलेटरचं. कॅल्क्युलेटर हे तेव्हा माणसांचं पद होतं. जहाजाच्या सांगाड्यातल्या प्रत्येक कडीत नेमका किती ताण येईल ते कागद, पेन्सिल आणि स्लाइड रूल घेऊन काढायचं. एका चौकटीचं गणित जमायला महिने लागायचे. मध्ये कुठे चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून. आपल्याला असाइनमेंटमध्ये सॉफ्टवेअर अर्ध्या मिनिटात जे काढून देतं, त्याच्यासाठी ही मंडळी अख्खा मोसम खर्ची घालत होती.

याच दिवसांत तो रात्री लिहायलाही लागला. पहिली कादंबरी १९२६ मध्ये छापून आली. लेखक म्हणून त्यानं आडनाव गाळलं आणि नुसतं नेविल शूट ठेवलं. कादंबऱ्या लिहिणाऱ्या इंजिनीअरची गणितं लोक गंभीरपणे घेणार नाहीत, ही भीती त्यामागे होती.

जुलै १९३० च्या अखेरीस आर-१०० इंग्लंडहून कॅनडाला निघालं. शूटही जहाजावर होता. वाटेत वादळी हवेनं शेपटीच्या पंखांचं कापड फाटलं. जहाजावरच्या माणसांनी हवेतच डागडुजी केली. जहाज सुखरूप पोहोचलं आणि ऑगस्टमध्ये सुखरूप परतलं. आता सगळ्यांच्या नजरा सरकारी जहाजाकडे लागल्या होत्या. त्याला जायचं होतं हिंदुस्थानात, कराचीला. कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होती आणि तिथे या जहाजासाठी भलीमोठी शेडसुद्धा उभी करून ठेवली होती.

एका इन्स्पेक्टरचं पत्र

आर-१०१ ची अडचण अशी होती की ते ठरल्यापेक्षा बरंच जड झालं होतं. जास्त वजन उचलायचं तर जास्त गॅस हवा. म्हणून गॅसच्या पिशव्यांना धरून ठेवणाऱ्या जाळ्या सैल केल्या गेल्या. पिशव्या फुगल्या आणि सांगाड्यावर घासायला लागल्या. घासून भोकं पडायला लागली. त्यावर उपाय काय केला? जिथे जिथे पिशवी घासते तिथे कापडाच्या गाद्या गुंडाळल्या. हजारो ठिकाणी.

कार्डिंग्टनला मॅकवेड नावाचा सरकारी इन्स्पेक्टर होता. जहाजाची तपासणी करणं आणि ते उडायला योग्य आहे की नाही ते सांगणं हे त्याचं काम. जुलै १९३० मध्ये त्यानं वरिष्ठांना पत्र लिहिलं. त्याचं म्हणणं होतं की गाद्यांचा उपाय समाधानकारक नाही. जहाज हललं की गाद्या सरकणार आणि टोकं पुन्हा उघडी पडणार, त्यामुळे उड्डाणाची परवानगी वाढवण्याची शिफारस आपण करू शकत नाही.

गाद्या इन्स्पेक्टर लोकांना नकोशा का वाटतात ते समजून घेण्यासारखं आहे. झाकलेला धातू दिसत नाही. झाकणाखाली ओल साचते. ओल साचली की गंज धरतो. वरून सगळं नीटनेटकं दिसत असतं आणि आत काय चाललंय ते कुणालाच कळत नाही. नव्वद वर्षांपूर्वीच्या जहाजाला हे लागू होतं आणि आजच्या विमानालाही.

पत्राचं पुढे काय झालं? ज्यांच्या कामावर आक्षेप होता त्या कार्डिंग्टनच्याच अधिकाऱ्यांना विचारणा झाली. त्यांनी सगळं ठीक आहे असं कळवलं. प्रकरण तिथेच मिटलं. मॅकवेडचं म्हणणं अगदी वरपर्यंत पोहोचलंच नाही.

वर होते विमानखात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसन. त्यांना हिंदुस्थानात जाऊन ऑक्टोबरमधल्या परिषदेसाठी लंडनला परतायचं होतं. तारीख ठरलेली, पाहुणे ठरलेले. आता कोण नाही म्हणणार? उड्डाणयोग्यतेचा दाखला अगदी निघायच्या तोंडावर हातात आला. ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी खराब हवेत जहाज निघालं. रात्री दोनच्या सुमारास फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ ते जमिनीवर आदळलं आणि हायड्रोजननं पेट घेतला. जहाजावर ५४ माणसं होती. त्यातली ४८ गेली. लॉर्ड थॉमसनही गेले. पुढच्या भागातला गॅस गेल्यामुळे जहाजाचं नाक खाली आलं असावं, असा निष्कर्ष चौकशीत निघाला.

या अपघातानं ब्रिटनचा एअरशिपचा नादच सुटला. कॅनडाला जाऊन आलेलं धडधाकट आर-१०० सुद्धा मोडून भंगारात काढलं गेलं. शूटची सहा वर्षांची मेहनत संपली. मरणाऱ्यांमध्ये त्याच्या ओळखीची माणसं होती. पुढे ‘स्लाइड रूल’ या आत्मचरित्रात त्यानं सरकारी कारभारावर कडक टीका केली. तो स्वतः स्पर्धक कंपनीचा माणूस होता, त्यामुळे त्याची बाजू एकांगी आहे असंही काही अभ्यासक म्हणतात. तो आक्षेप रास्त आहे. पण एक गोष्ट नाकारता येत नाही. तपासणाऱ्यानं तपासलं होतं आणि लिहूनही दिलं होतं.

चाकं पोटात घेणारं विमान

१९३१ मध्ये शूटनं हेसल टिल्टमन या डिझायनरबरोबर एअरस्पीड नावाची कंपनी काढली. यॉर्क शहरातल्या एका जुन्या बस गॅरेजमध्ये. आजच्या भाषेत स्टार्टअप. पैशांची कायम चणचण, कधी पगार होईल की नाही याची धाकधूक. त्याच वर्षी फ्रान्सिस हीटन या डॉक्टर तरुणीशी त्याचं लग्न झालं.

एअरस्पीडनं ‘कूरियर’ नावाचं छोटं प्रवासी विमान बनवलं. उडाल्यावर चाकं आत ओढून घेणारं ते ब्रिटनमधलं पहिलं उत्पादनातलं विमान. अशा भानगडीत वजन वाढतं, बिघाड वाढतात, कशाला पाहिजे, असं तेव्हा अनेकांचं मत होतं. शूट आणि टिल्टमन अडून राहिले. पुढे याच कंपनीचं ‘ऑक्सफर्ड’ हे प्रशिक्षण विमान दुसऱ्या महायुद्धात साडेआठ हजारांवर बनलं. शूट मात्र १९३८ मध्येच कंपनीतून बाहेर पडला. १९४० मध्ये डी हॅविलंडनं एअरस्पीड विकत घेतली.

युद्धात तो नौदलाच्या चित्रविचित्र शस्त्रांवर प्रयोग करणाऱ्या विभागात होता. युद्ध संपलं तेव्हा तो नामांकित लेखक झाला होता. आता त्याच्याकडे विमानं बांधायचा वीसेक वर्षांचा अनुभव होता आणि त्यावर लिहायला वेळही होता.

मिस्टर हनीचा हट्ट

इथे थोडं विज्ञान. एक तार घ्या. एकदा वाकवली तर मोडत नाही. तीच तार तिथेच वीस-पंचवीस वेळा खालीवर करा, तुटते. जोर तेवढाच होता, पण तो पुन्हा पुन्हा दिला गेला. याला म्हणतात मेटल फटीग, म्हणजे धातूचा थकवा. आधी एक सूक्ष्म तडा पडतो, डोळ्यांना न दिसणारा. प्रत्येक हेलकाव्याबरोबर तो किंचित पुढे सरकतो. एक दिवस उरलेल्या धातूला भार पेलवत नाही आणि तो एका क्षणात तुटतो.

हे शूटनं शोधलेलं नाही. एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे आस असेच मोडायचे आणि जर्मनीत ऑगस्ट व्होलर यानं त्यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले होते. विमानांतही हा प्रकार दिसायला लागला होता. ऑस्ट्रेलियात १९४५ मध्ये एका स्टिन्सन विमानाचा पंख थकव्यामुळे तुटला आणि १० जण गेले. ‘नो हायवे’ आली त्याच १९४८ मध्ये अमेरिकेत मार्टिन २-०-२ जातीच्या विमानाचा पंख तसाच तुटला, ३७ जण गेले. जाणकारांना धोका माहीत होता. पण माहीत असणं आणि ठरलेलं वेळापत्रक त्यासाठी थांबवणं यात फार अंतर असतं. शूटनं कादंबरी लिहिली ती त्या अंतरावर.

कादंबरीतला थिओडोर हनी हा फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत काम करणारा गबाळा विधुर. कपड्यांचं भान नाही, घरी छोटी मुलगी, डोक्यात अनेक विक्षिप्त कल्पना. त्याच्या गणिताप्रमाणे ‘रेनडिअर’ या नव्या विमानाची शेपटी १,४४० तासांच्या उड्डाणानंतर मोडणार. एक रेनडिअर लॅब्रॅडॉरच्या जंगलात आधीच कोसळलेलं असतं आणि दोष वैमानिकावर टाकून फाइल बंद झालेली असते. ते अवशेष तपासायला हनीला पाठवतात. अर्ध्या समुद्रावर आल्यावर त्याला कळतं, आपण बसलोय तेही रेनडिअरच आहे आणि त्याचे तास जवळजवळ भरलेत.

विमान न्यूफाउंडलंडमधल्या गँडरला सुखरूप उतरतं. तिथली तपासणी होते. काही सापडत नाही, कारण डोळ्यांना दिसण्यासारखं काही नसतंच. विमान पुढे निघणार असं ठरतं. आणि हनी काय करतो? विमान जमिनीवर उभं असतानाच चाकं आत घ्यायचा दांडा ओढतो. विमान पोटावर बसतं. आता ते कुठेच जाऊ शकत नाही.

ज्या माणसानं उमेदीची वर्षं चाकं आत घेणारं विमान यशस्वी करण्यात घालवली, त्यानंच हा प्रसंग लिहिला. आणि त्यामागे मॅकवेडचं पत्र आठवतंय असं वाटल्याशिवाय राहत नाही. कागदावर नाही म्हणून उपयोग झाला नाही तर माणसानं करायचं काय, या प्रश्नाला कादंबरीत तरी शूटनं उत्तर दिलं. १९५१ मध्ये यावर सिनेमाही आला. हनी झाला होता जेम्स स्टुअर्ट.

पाण्याच्या टाकीतलं विमान

२ मे १९५२ ला डी हॅविलंडचं ‘कॉमेट’ लंडनहून जोहान्सबर्गला निघालं. जगातली पहिली जेट प्रवासी सेवा. उंच, वेगवान, शांत. बरोबर एक वर्षानं, २ मे १९५३ ला कोलकात्याहून उडालेलं कॉमेट वादळात सापडून तुटलं आणि ४३ जण गेले. दोष वादळाकडे गेला. १० जानेवारी १९५४ ला रोमहून लंडनला निघालेलं कॉमेट एल्बा बेटाजवळ हवेतच फुटलं, ३५ जण गेले. तेव्हा विमानं थांबवली गेली. आग लागली असेल, इंजिनाचं पातं उडालं असेल, अशा सगळ्या शक्यता धरून अनेक सुधारणा केल्या आणि मार्चमध्ये सेवा पुन्हा सुरू झाली. ८ एप्रिलला आणखी एक कॉमेट नेपल्सजवळ समुद्रात पडलं. २१ जण गेले. सेवा सुरू होऊन जेमतेम पंधरा-सोळा दिवस झाले होते.

मग फार्नबरोत, म्हणजे कादंबरीतला हनी जिथे काम करतो त्याच ठिकाणी, एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवलं. पंख टाकीबाहेर, धड पाण्यात. विमान उंच गेलं की आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे धड फुग्यासारखं किंचित ताणलं जातं. उतरलं की सैल पडतं. प्रत्येक उड्डाणात एकदा. टाकीत पाणी आत ढकलून आणि काढून हेच शेकडो वेळा केलं. पाणी अशासाठी, की धड फुटलं तरी हवेसारखा स्फोट होत नाही आणि तडा कुठून सुरू झाला ते दिसतं. त्या विमानानं प्रत्यक्षात १,२३१ उड्डाणं केली होती. टाकीत आणखी १,८२६ झाली आणि जूनमध्ये धड फाटलं. सुरुवात एका खिडकीच्या कोपऱ्याजवळून झाली होती. एल्बाजवळच्या समुद्रातून काढलेल्या अवशेषांतही छतावरच्या अँटेनाच्या खिडकीजवळ तसाच तडा सापडला.

चौकोनी खिडक्यांमुळे कॉमेट पडलं असं रील्समध्ये सांगतात. खरं थोडं वेगळं आहे. कोपरे गोलाईचेच होते, पण तिथला ताण आणि आसपासची रिव्हेटची भोकं यांचा हिशेब चुकला होता. गंमत अशी की कंपनीनं चाचणी केली होती. पण ज्या तुकड्यावर केली त्याला आधी खूप जास्त दाब देऊन पाहिलं होतं. त्या दाबानं धातू कोपऱ्यांपाशी थोडा कणखर झाला आणि पुढची परीक्षा त्यानं सहज पास केली. रोजच्या विमानांना ती सवलत नव्हती.

शूट तेव्हा ऑस्ट्रेलियात होता. १९४८-४९ मध्ये तो स्वतःच्या छोट्या विमानातून तिकडे जाऊन आला होता आणि १९५० मध्ये मेलबर्नजवळ लँगवॉरिनला स्थायिक झाला. त्यानं शेपटीबद्दल लिहिलं होतं आणि कॉमेटचं धड फुटलं. त्यामुळे अंदाज तंतोतंत खरा ठरला असं म्हणता येणार नाही. पण न दिसणाऱ्या तड्यासाठी विमान थांबवायचं की नाही, हा पेच अगदी त्यानं लिहिला तसाच उभा राहिला होता. १२ जानेवारी १९६० ला मेलबर्नमध्ये तो गेला. वय ६० वर्षं.

चौकट : तडे सापडतात कसे?

विमानाचं वय वर्षांत मोजून भागत नाही. किती तास उडालं आणि किती वेळा उडालं-उतरलं हे महत्त्वाचं. छोट्या पल्ल्याचं विमान लवकर थकतं.

सर्वांत जुनं साधन म्हणजे डोळे. सोबत बॅटरी, आरसा, भिंग. ॲल्युमिनियमचा गंज लोखंडासारखा लाल नसतो, पांढरट भुकटीसारखा असतो. रंगाला फोड येणं किंवा दोन पत्र्यांच्या जोडावर रिव्हेटच्या मध्ये पत्रा उशीसारखा फुगणं ही गंजाची लक्षणं. टॉयलेट आणि किचनच्या खालची जमीन, जिथे पाणी आणि चहा सांडतो, ती हमखास तपासतात.

डोळ्यांच्या पलीकडचं शोधायला रंगीत द्रव लावून पुसतात, तड्यात शिरलेला द्रव नंतर रेघ दाखवतो. एडी करंटच्या उपकरणाचं टोक रिव्हेटभोवती फिरवलं की तड्याजवळ विजेचा प्रवाह बिघडतो आणि स्क्रीनवरची रेष उडी मारते. अल्ट्रासाउंड आणि एक्स-रे माणसांसारखेच विमानांनाही करतात. काही वर्षांनी एकदा तर विमान जवळजवळ पूर्ण उघडून तपासलं जातं.

पाहिलं, पण बोललं कुणी नाही

कॉमेटनंतर नियम बदलले, चाचण्या बदलल्या. तरी गोष्ट संपली नाही. २८ एप्रिल १९८८ ला हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सचं बोइंग ७३७ हिलोहून होनोलुलुला निघालं. विमान १९ वर्षांचं. बेटाबेटांमधली छोटी उड्डाणं करत त्यानं ८९,६८० फेऱ्या पूर्ण केल्या होत्या आणि सगळा जन्म खाऱ्या हवेत गेला होता. २४,००० फुटांवर छताचा १८ फूट लांबीचा तुकडा उडून गेला. वैमानिकांनी विमान कसंबसं उतरवलं. ९५ जणांपैकी ९४ वाचले. एक केबिन क्रू बाई बाहेर फेकली गेली.

चौकशीत कळलं की पत्र्यांच्या जोडातला चिकटवलेला भाग सुटला होता, गंज धरला होता आणि एका ओळीतल्या कितीतरी रिव्हेटपाशी बारीक तडे पडले होते. तपासणीत ते सुटले. अहवालात तपासनिसांच्या कामाचंही वर्णन आहे. हे काम बऱ्याचदा रात्री चालायचं, सकाळी विमान परत हवं असायचं. हजारो रिव्हेट, एकसारखे, एकामागून एक. परीक्षेच्या आदल्या रात्री चाळीसावं पान वाचताना डोळे फिरतात पण डोक्यात काही जात नाही, ते आपल्याला माहीत आहे. त्यांच्या बाबतीत त्या चाळीसाव्या पानावर कुणाचा तरी जीव असतो.

आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे. विमानात चढताना एका प्रवाशाला दाराजवळ धडावर लांब चीर दिसली होती. पण ती कुणाला सांगितली गेली नाही. इतकी माणसं विमान चालवतायत, त्यांना माहीत असेलच, असं कुणालाही वाटू शकतं. आपल्यालाही वाटलं असतं.

या अपघातानंतर जुन्या विमानांच्या तपासणीचे वेगळे कार्यक्रम आखले गेले. तरीही २००२ मध्ये चायना एअरलाइन्सचं बोइंग ७४७ तैवानजवळ हवेत तुटलं आणि २२५ जण गेले. १९८० मध्ये शेपटी धावपट्टीला घासली होती. त्या जागी नीट दुरुस्ती न करता वर पत्र्याचं ठिगळ बसवलं होतं. खालचे ओरखडे बावीस वर्षं वाढत राहिले. वर झाकण, आत न दिसणारा धातू. मॅकवेडच्या गाद्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

आज आपल्याकडेही हे काम चालतं. मुंबई आणि गोवा, दोन्हीकडे समुद्राची खारी हवा आणि चार महिने पाऊस. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंग विमानांच्या देखभालीचं मोठं केंद्र आहे. एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनीअरिंग करून डीजीसीएचं लायसन्स घेणारी मुलंमुली आपल्या ओळखीतही असतील. पायलटच्या युनिफॉर्मसारखं ग्लॅमर त्यांच्या ओव्हरॉलला नाही. पण विमान निघण्याआधी कागदावर सही त्यांची असते. आणि खरं तर त्या सहीइतकंच मोलाचं असतं सही न करणं.

शूटचा हनी चाकांचा दांडा ओढतो तेव्हा त्याच्याकडे पुरावा नसतो, फक्त गणित असतं. नोकरी जाईल, लोक वेडा म्हणतील हे त्याला ठाऊक असतं. विमानतळावर उड्डाण रद्द झाल्याचा बोर्ड लागला की आपण आधी चिडतो, मग रागारागानं स्टोरी टाकतो. पुढच्या वेळी कारण तांत्रिक असलं, तर हँगरमध्ये कुणीतरी बॅटरी घेऊन वाकलेलं असेल आणि त्याला काहीतरी खटकलं असेल, एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.